सारथ्याचें मन

सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, कर्नाटकाच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर, उमरगा हें गांव आहे. रात्रीं दहा-अकराच्या सुमारास येथील बसस्थानकावर उभें राहिलें म्हणजे एक दृश्य नेहमीं पाहावयास मिळतें. लांब पल्ल्याची एखादी गाडी येऊन थांबते. गांठोडीं, पेट्या आणि खांद्यावर झोपलेलीं मुलें सांवरीत माणसें आंत चढतात. जागेवरून थोडी बाचाबाची होते. कंडक्टर घंटी देतो. आणि गाडी गांवाबाहेर पडून आंतले दिवे मालवतात न मालवतात तोंच चाळीस-पन्नास माणसें निर्धास्तपणें झोपीं जातात. त्यांपैकीं एकानेंहि पुढें बसलेल्या चालकाचें नांव विचारलेलें नसतें. कित्येकांनीं त्याचें तोंडहि पाहिलेलें नसतें.

जो गृहस्थ रात्रीं घराच्या दाराला दोन दोन कड्या घालतो, दूधवाल्याचें माप डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि सख्ख्या भावाशीं व्यवहार करतांना कागद करून घेतो, तोच गृहस्थ आपला व आपल्या बायकामुलांचा जीव एका अनोळखी माणसाच्या जागेपणावर सोंपवून घोरूं लागतो. ह्याला कोणी बेफिकिरी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. हा विश्वास आहे, आणि विचार केला तर तो त्या चालकावर नसून त्याच्या मागें उभ्या असलेल्या संस्थेवर आहे. कोणीतरी त्याचे डोळे तपासले असतील, कोणीतरी त्याचा हात पारखला असेल, आणि ज्या दिवशीं तो गाडी चालविण्याच्या स्थितींत नसेल त्या दिवशीं कोणीतरी त्याला थांबवील, असें आपण न बोलतां गृहीत धरलेलें असतें. तिकिटाच्या पैशांत हें सर्व आलें अशी आपली समजूत असते. विमानाच्या बाबतींत तर ही समजूत अधिकच दृढ असते. कारण तेथें मध्येंच उतरण्याची सोय नाहीं.

परंतु चालकाचे डोळे तपासतां येतात तसें त्याचें मन तपासतां येतें काय? आणि तें मन आजारी असतां त्यानें इतरांचे जीव हातीं घेतले व अनर्थ घडला, तर त्या अनर्थाचा धनी कोण? त्या एकट्याला दोषी ठरवून बाकीचे आपण सुटतों काय? ह्या प्रश्नाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाहीं. २५ जानेवारी २०१२ रोजीं सकाळीं पुण्याच्या स्वारगेट आगारांतून संतोष माने ह्या एस. टी. चालकानें आपल्याला नेमून न दिलेली एक गाडी बाहेर काढली आणि शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून ती बेफाम हांकली. नऊ माणसें प्राणास मुकलीं, तिसांहून अधिक जखमी झालीं. हा चालक सोलापूर जिल्ह्यांतला. खटल्यांत त्याच्या वतीनें मनोविकाराचा बचाव मांडण्यांत आला, आणि आपण पूर्वीं त्याच्यावर उपचार केले होते असें सोलापूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञानें साक्षींत सांगितलें. न्यायालयांना तेवढा पुरावा पुरेसा वाटला नाहीं. पुण्याच्या सत्र न्यायालयानें २०१३ सालीं फांशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयानें ती २०१४ सालीं कायम केली. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि वेडाचा बचाव मान्य केला नाहीं. मात्र रात्रपाळी बदलून मिळण्याची त्याची विनंति नाकारली गेली होती व त्याच्या मनावर ताण होता, हें विचारांत घेऊन फांशीऐवजीं जन्मठेप दिली.

न्यायालयाचा प्रश्न ठरलेला असतो. आपण काय करीत आहों हें त्या घटकेला त्या माणसाला कळत होतें कीं नाहीं? जुन्या दंडसंहितेचें ८४ वें कलम आणि आजच्या न्यायसंहितेचें २२ वें कलम हेंच विचारतें, आणि न्यायासनानें त्यापलीकडे फारसें जाऊं नये हेंच योग्य. समाजाला मात्र त्या घटकेच्या आधींच्या दिवसांविषयीं विचारावें लागतें. मनाची तक्रार घेऊन एखादा चालक वरिष्ठापुढें उभा राहिला, तर त्याच्या पदरीं काय पडतें? पुण्याच्या खटल्याचा निर्णय झालेला आहे. तो मी उकरून काढीत नाहीं. मला विचार पडतो तो त्या असंख्य चालकांचा, ज्यांच्या हातून कांहीं घडलें नाहीं म्हणून ज्यांची कधीं चौकशीहि झाली नाहीं.

असा एक चालक मला उमरग्यांत भेटला. आयुष्याचीं वीस-पंचवीस वर्षें त्यानें रात्रींच्या खासगी प्रवासी गाड्या चालविल्या. आतां तो सकाळच्या वेळीं बसस्थानकाजवळच्या चहाच्या दुकानांत बसलेला असतो. एकदां बोलतां बोलतां त्यानें सांगितलें, कीं त्याचा थोरला मुलगा गेला तेव्हां चौदाव्या दिवशीं तो गाडीवर हजर झाला, आणि पुढें तीन महिने त्याला झोप अशी आली नाहीं. "रस्त्याच्या कडंची झाडं माणसावानी दिसायची, गुरुजी. एकदा तर पोरगंच हात करतंय असं वाटलं. ब्रेक मारला. समदी गाडी जागी झाली. कुत्रं आडवं आलं म्हणून सांगितलं." मालकाला कां सांगितलें नाहीं, असें मीं विचारलें. तो हंसला. "सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असती. आन् चावी गेली म्हंजे चूल गेली. डोळे बघत्यात, कागद बघत्यात. झोप लागती का म्हणून कुणी इचारत नाही."

त्या तीन महिन्यांत कदाचित् मीहि त्याच्या गाडींत झोपलेला असेन. तरीहि त्याचा राग मला आला नाहीं, आणि राग येत नाहीं ह्याचेंच पुढें आश्चर्य वाटूं लागलें. कारण त्यानें केलें तें बरोबर नव्हतें. आपलें मन ठिकाणावर नाहीं हें त्याला कळत होतें, आणि तें कळत असतां त्यानें पन्नास माणसांना अंधारांत नेलें. गाडी उलटली असती तर आपण सर्वांनीं त्याला नराधम म्हटलें असतें. ती उलटली नाहीं, म्हणून तो आज चहा पितो व आपण त्याच्याशीं सुखदुःखाच्या गोष्टी बोलतों. दोष तोच, मौन तेंच. फरक पडला तो दैवामुळें. जी नीति अनर्थ घडल्यावरच जागी होते व दोषाचें माप प्रेतांच्या संख्येनें घेते, ती दैवाच्या मागून चालणारी नीति होय. विचारी समाजानें ह्या मौनाचाच विचार अनर्थापूर्वीं केला पाहिजे.

ह्या मौनाचें भयंकर रूप जगानें २४ मार्च २०१५ रोजीं पाहिलें. बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलें जर्मनविंग्स कंपनीचें विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर आदळलें आणि आंतील दीडशें माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. मुख्य वैमानिक थोडा वेळ बाहेर गेला असतां सत्तावीस वर्षांच्या सहवैमानिकानें कॉकपिटचें दार आंतून बंद करून घेतलें व विमान जाणूनबुजून खालीं नेलें. मुख्य वैमानिक दारावर धक्के देत राहिला. तें दार उघडलें नाहीं. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेंतील हल्ल्यांनंतर बाहेरचा शत्रु आंत शिरूं नये म्हणून जगभर अशीं भक्कम दारें बसविण्यांत आलीं होतीं. धोका आंतच बसलेला असूं शकतो, ह्याचा विचार त्या दारानें केलेला नव्हता.

फ्रान्सच्या अपघात-चौकशी संस्थेनें मार्च २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेला अहवाल प्रत्येकानें वाचावा असा आहे. त्या तरुणाला वैमानिकाचें शिक्षण घेत असतांनाच नैराश्याचा विकार झाला होता. बरा झाल्यावर त्याला पुन्हां परवानगी मिळाली. अपघातापूर्वींच्या महिन्यांत तो अनेक डॉक्टरांकडे गेला. एकानें त्याला मनोरुग्णालयांत उपचार घेण्याचा सल्ला दिला. कामावर जाऊं नये असे दाखले त्याला मिळाले होते. ते त्यानें कंपनीला दिलेच नाहींत. फाडून टाकलेला दाखला मागाहून त्याच्या घरीं सांपडला. डॉक्टर व्यवसायाच्या गुप्ततेनें बांधलेले होते. त्यांनींहि कोणाला कळविलें नाहीं. शिक्षणासाठीं त्यानें सुमारें एकेचाळीस हजार युरो कर्ज काढलें होतें, आणि परवाना गेल्यास उत्पन्न भरून देणारा विमा त्याच्याजवळ नव्हता. उपजीविका जाण्याची ही भीति मौनाच्या कारणांपैकीं एक होती, असें अहवालानें नमूद केलें आहे. उमरग्याच्या चालकानें जें एका वाक्यांत सांगितलें, तेंच हें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भाकरीची भीति हें दीडशें जीवांच्या घाताचें समर्थन होऊं शकत नाहीं. लक्षावधि माणसें कर्जांत आहेत, लक्षावधींना नैराश्य ग्रासतें. तीं कोणाचा घात करीत नाहींत. मनानें आजारी तो घातकी, ही समजूत निखालस खोटी असून तिनेंच ह्या आजारावर लाजेचा पडदा टाकला आहे. माझें म्हणणें एवढेंच, कीं मौन हें एका माणसाच्या मनांत उपजत असलें तरी त्याला खतपाणी बाहेरून मिळतें.

कोणी म्हणेल, हा सर्व भिडेचा व्यापार कशाला? ज्याच्या मनाला एकदां आजार शिवला त्याला चाकापाशीं बसूंच देऊं नये. कडक परीक्षा घ्यावी आणि शंका आली कीं दूर करावें. प्रवाशाच्या जीवापुढें एकाच्या नोकरीची काय मातबरी? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. प्रवाशाचा जीव मोठा खराच. परंतु मनाच्या आजाराला नाडी नसते. तो बहुधा रोग्याच्या तोंडूनच कळतो. डोळ्यांचा दोष चालकानें लपविला तरी तक्त्यावरच्या अक्षरांपुढें उघडा पडतो. झोप न येणें, जीव नकोसा होणें, झाडांत मेलेला मुलगा दिसणें, हें पंधरा मिनिटांच्या मुलाखतींत ज्याला लपवावयाचें आहे तो सहज लपवितो. शिक्षा जितकी कडक तितकें लपविणें पक्कें. म्हणजे ज्या नियमानें आजारी माणसांना चाकापासून दूर ठेवावयाचें, तोच नियम त्यांना गुपचूप चाकापाशीं बसवितो. शिवाय जो वेळेवर उपचार घेऊन बरा होणारा, तोहि उपचार टाळतो; आणि प्रवाशाच्या वाट्याला येतो तो न बोललेला, औषध न घेतलेला आजार.

दुसरा उपाय पहाऱ्याचा. जर्मनविंग्सच्या अपघातानंतर कॉकपिटमध्यें नेहमीं दोन माणसें असावींत असा दंडक कित्येक कंपन्यांनीं घातला. त्याचा उपयोग आहे. ९ फेब्रुवारी १९८२ रोजीं टोकियोच्या विमानतळावर उतरतांना जपानी कंपनीच्या एका कप्तानानें इंजिनें उलट दिशेनें लावलीं. सहकाऱ्यांनीं त्याला आवरलें म्हणून बहुतेक प्रवासी वांचले. परंतु चोवीस मेलेच. ह्या कप्तानाला पूर्वीं मानसिक आजारासाठीं रजा द्यावी लागली होती, व तो पुन्हां कामावर घेतला गेला होता. शेवटच्या क्षणीं हात धरणारा शेजारीं असावाच. पण सहा महिने आधीं हात हातांत घेणारा कोणी असता, तर तो क्षणच कदाचित् आला नसता.

तिसरा प्रश्न डॉक्टरांचा. रोग्याचें गुपित त्यानें फोडावें काय? सरसकट फोडूं लागला तर कोणताहि चालक त्याच्या दारांत पाऊल टाकणार नाहीं. मुळींच फोडूं नये असें म्हटलें तर फाडलेला दाखला घरांत पडून राहतो. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मधला मार्ग दाखविला आहे: गुप्तता हा रोग्याचा हक्क, परंतु दुसऱ्याला इजा होऊं नये म्हणून जेवढें सांगणें अवश्य तेवढेंच सांगतां येतें. हा मार्ग अरुंद आहे आणि त्यावरून चालण्यास डॉक्टरला धैर्य लागेल. तरी दोन्ही बाजूंच्या खड्ड्यांपेक्षां तो बरा.

मौनाला खतपाणी बाहेरून मिळतें असें मीं वर म्हटलें. तें कसें, ह्याचें ताजें उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडलें. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें विमान उड्डाणानंतर काहीं क्षणांतच कोसळलें. विमानांतील २४२ पैकीं एकच जण वांचला, आणि जमिनीवरच्यांसह २६० माणसें गेलीं. महिन्यानें आलेल्या प्राथमिक अहवालांत एवढेंच होतें, कीं इंधन बंद करण्याचीं बटणें एका सेकंदाच्या अंतरानें बंदच्या बाजूस गेलीं. एका वैमानिकानें दुसऱ्याला कां बंद केलेंस म्हणून विचारलें, आणि आपण तसें केलें नाहीं असें दुसऱ्यानें उत्तर दिलें. कोणी केलें, कां झालें, ह्याचा निर्णय त्या अहवालानें दिला नव्हता. तरी तेवढ्यावरून मेलेल्या कप्तानाच्या मनाची चिरफाड चव्हाट्यावर सुरू झाली: तो उदास होता, एकटा होता, घरीं असें होतें, तसें होतें. त्याचा वृद्ध पिता न्यायासाठीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें न्यायमूर्तींनीं त्याला धीर दिला, कीं तुमच्या मुलाला कोणी दोष देऊं शकत नाहीं.

ह्या तोंडसुखाचा परिणाम मेलेल्यावर होत नाहीं. जिवंत वैमानिकांवर होतो. उद्यां ज्याला झोप येईनाशी होईल, तो काय शिकला? डॉक्टरकडे एकदां गेल्याची नोंद झाली, तर मेल्यावरहि ती आपल्या नांवाला चिकटेल, हेंच ना? पुराव्यावांचून एका माणसाला वेडा ठरवून आपण दहा माणसांचीं तोंडें शिवतों. मनाच्या आजाराचा संशय हाहि जपून वापरण्याचा पदार्थ आहे.

आणि ही अनुकंपा आपल्याला मुळींच येत नाहीं असें थोडेंच आहे? मन मोडतें हें उमरग्याच्या मुलुखाला कोणी शिकविण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें किल्लारीपासून सास्तूरपर्यंतचीं गांवें जमीनदोस्त केलीं. त्यानंतर ज्यांच्या अंगावर ओरखडाहि नव्हता अशीं माणसें महिनोन् महिने छपराखालीं झोपूं शकत नव्हतीं. भांडें पडलें तरी धांवत बाहेर येत. त्यांना कोणीं वेडें म्हटलें नाहीं. त्यांचें दुःख काय आहे हें ढिगाऱ्याकडे बोट दाखवून सांगतां येत होतें. चालकाच्या आंतला भूकंप दिसत नाहीं. ढिगारा दिसत नाहीं म्हणून आपण त्याला धीर देत नाहीं, उलट त्याची चावी काढून घेतों. कारण दिसलें तरच करुणा करावयाची, हा करुणेचा अपुरेपणा होय.

तर मग कर्तव्य कोणाचें? दोघांचें आहे. 'आज माझें मन ठीक नाहीं' असें सांगणें हें चालकाचें व वैमानिकाचें कर्तव्य. त्यांतून त्याची सुटका नाहीं. परंतु तें सांगतां येईल अशी व्यवस्था करणें हें संस्थेचें कर्तव्य, आणि क्रमानें तें आधीं येतें. जिच्या हातीं चावी, पगार आणि पाळी, तिनें खऱ्या बोलण्याची किंमत एवढी चढवून ठेवावी कीं ती गरिबाला परवडूं नये, आणि मग तो खोटें बोलला म्हणून त्याला दोष द्यावा, हें न्यायाचें नव्हे. भाडें घेणारी संस्था केवळ इंजिनाची व टायरांची हमी देत नाहीं. तें इंजिन चालविणाऱ्या माणसाचीहि देते.

ह्या दिशेनें कांहीं पावलें पडलीं आहेत. युरोपीय संघानें २०१८ सालीं नियम करून कामावर घेण्यापूर्वीं वैमानिकाची मानसिक पारख आणि सहकाऱ्यांच्या आधाराची योजना विमान-कंपन्यांवर बंधनकारक केली. आपल्याकडेहि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें २०२३ सालीं वैमानिकांच्या मानसिक आरोग्याविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. सहकाऱ्याचा आधार ही कल्पना मला विशेष पटते. कुरुक्षेत्रावर रथांत बसलेल्याचें मन खचलें, तेव्हां तें सारथ्यानें सांवरलें. आज सारथ्याचेंच मन खचतें, तर तें दुसऱ्या सारथ्यावांचून कोण ओळखणार? वरिष्ठाला जें सांगतां येत नाहीं तें बरोबरीच्याला सांगतां येतें.

जमिनीवर मात्र आपण मागें आहों. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणें सरकारी संस्थेंत नोकरी करीत असतां ज्याला अपंगत्व येईल त्याला काढून टाकतां येत नाहीं. त्याच पगारावर दुसरें काम द्यावें लागतें, आणि मानसिक आजाराचाहि त्या कायद्यांत समावेश आहे. ह्याच हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, तेलंगणांत, रंग ओळखतां येत नाहींत म्हणून घरीं बसविलेल्या एका बसचालकाला पर्यायी काम द्यावें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं दिला. डोळ्यांच्या दोषाला जो न्याय, तोच मनाच्या दोषाला कां नसावा? आणि माझ्या चहाच्या दुकानांतल्या मित्रासारखे जे खासगी गाड्यांवर रात्री काढतात, त्यांना तर ह्या कलमाचाहि आधार नाहीं. त्यांची चावी गेली म्हणजे चूल आजहि जाते.

शेवटीं थोडें आपल्याविषयीं. संस्थेला जाब विचारणें सोपें आहे. पण पाळी बदलून देणें, चालकाला महिनाभर विसावा देऊन त्याचा पगार चालूं ठेवणें, त्याच्या जागीं दुसरा ठेवणें, ह्याला पैसा लागतो, आणि तो तिकिटांतूनच यावयाचा. समजा, एखाद्या रात्रीं उमरग्याच्या स्थानकावर सूचना झाली, कीं चालकाला बरें वाटत नसल्यामुळें दुसरा चालक येईपर्यंत गाडी एक तास थांबेल. आपण काय म्हणूं? मीं स्वतःला हा प्रश्न विचारून पाहिला, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर पहिल्यानें माझ्या तोंडीं कुरकुरच आली. त्या कुरकुरीलाहि चालकाच्या मौनांत वांटा आहे. ज्याला तो तास परवडतो, त्यानेंच अनर्थानंतर 'दोषी कोण' म्हणून विचारावें.